जपानी नावांची लांबी आणि नवलाई

जपानमध्ये ‘राकुगो’ नावाची एक जुनी कथनकला आहे. उशीवर बैठक मारून बसलेला एकच कथेकरी, हातात एक पंखा आणि एक रुमाल, एवढ्या सामग्रीवर तो सगळी पात्रे उभी करतो. या कलेचे शिक्षण घेणाऱ्या नवशिक्या शिष्यांना आरंभी ज्या कथा शिकवल्या जातात, त्यांत ‘जुगेमु’ ही कथा हमखास असते. कथेतील बापाला आपल्या नवजात मुलासाठी दीर्घायुष्य देणारे नाव हवे असते. तो मंदिरातील भिक्षूकडे जातो. भिक्षू एकामागून एक मंगल शब्द सुचवतो आणि बापाला त्यांतला एकही सोडवत नाही. शेवटी तो सगळेच शब्द जोडून मुलाचे नाव ठेवतो.

‘जुगेमु’ हा त्यातला पहिला शब्द. त्याचा अर्थ ‘ज्याच्या आयुष्याला सीमा नाही असा’. पुढे समुद्रातील वाळू आणि मासे येतात, कारण ते मोजता येत नाहीत. पाणी, ढग आणि वारा येतात, कारण त्यांच्या प्रवासाला अंत नाही. अन्न, निद्रा आणि निवारा यांचा उल्लेख येतो. एका काल्पनिक राज्यातील दीर्घायुषी राजा, राणी आणि त्यांच्या मुलींची नावे येतात, आणि अगदी शेवटी ‘चोस्के’ हे एरवीचे साधे नाव येते. या मालिकेतील एक शब्द मराठी वाचकाला परका नाही. पाच ‘कल्प’ संपेपर्यंत या मुलाने जगावे, अशी त्यात इच्छा आहे. संस्कृतातील ‘कल्प’ हा कालवाचक शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानला पोहोचला आणि तेथे ‘को’ झाला. दीर्घकाळाने एकदा एखादी अप्सरा खाली उतरते, तिच्या वस्त्राचा पदर एका शिळेला घासतो, आणि अशा स्पर्शांनी ती शिळा झिजून जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक कल्प, अशी त्यामागची कल्पना.

पुढे हा मुलगा मोठा होतो आणि कोणाशी तरी भांडून त्याच्या डोक्याला टेंगूळ आणतो. मार खाल्लेला मुलगा तक्रार घेऊन येतो. तो, आई आणि बाप यांपैकी प्रत्येक जण बोलताना ते नाव संपूर्ण उच्चारतो. नावे घेऊन होईपर्यंत टेंगूळ बसून जाते. जुन्या पाठात मात्र शेवट वेगळा आहे. मुलगा पाण्यात पडतो, मदतीला धावणारे त्याचे पूर्ण नाव घेत राहतात आणि तोवर तो बुडतो. दीर्घायुष्यासाठी दिलेले नावच आयुष्य हिरावून घेते. नाव देणाऱ्याची हौस आणि ते वाहणाऱ्याच्या वाट्याला येणारे ओझे यांतील हे अंतर जपानी नावांच्या संपूर्ण इतिहासात पुन:पुन्हा दिसते. मे २०२५ मध्ये अमलात आलेल्या एका कायद्याचे मूळही त्यातच आहे.

अक्षर एक, उच्चार अनेक

आजचे जपानी नाव रचनेने सुटसुटीत असते. आधी आडनाव, मग व्यक्तीचे नाव. मधले नाव नाही, वडिलांचे नाव नाही. बहुतेकांचे आडनाव दोन चिनी अक्षरांचे आणि नावही दोन-तीन अक्षरांचे असते. गुंतागुंत आहे ती वाचनात.

देवनागरीत जे लिहिले ते वाचता येते. जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे, म्हणजे ‘कांजी’, उच्चाराऐवजी मुख्यत: अर्थ दाखवतात. मराठीत याच्या जवळ जाणारे उदाहरण अंकांचे. ‘२’ हे चिन्ह सुटे असले तर ‘दोन’ वाचले जाते, ‘२रा’ लिहिले की तेच ‘दुसरा’ होते, आणि बंगाली माणूस आपल्या लिपीतील याच अंकाला ‘दुई’ म्हणतो. कांजीतील जवळजवळ प्रत्येक अक्षराची स्थिती अशी आहे. त्याचा एक उच्चार चिनीवरून आलेला असतो, दुसरा मूळ जपानी असतो, आणि शिवाय केवळ माणसांच्या नावांतच चालणारे काही उच्चार असतात. ‘मोठा’ आणि ‘भरारी’ या अर्थांच्या दोन अक्षरांनी लिहिलेले मुलाचे एक नाव गेल्या काही दशकांत लोकप्रिय झाले. ते कोणाच्या घरी हिरोतो, कोणाच्या घरी हारुतो, तर आणखी कोठे यामातो किंवा ताइगा असे वाचले जाते. लेखन पाहून उच्चार ठरत नाही आणि उच्चार ऐकून लेखन कळत नाही. म्हणूनच जपानी माणसे नव्या ओळखीत नाव कोणत्या अक्षरांनी लिहितात हे विचारतात, आणि अर्जावर नावाच्या वर उच्चारदर्शक लहान अक्षरांसाठी वेगळी जागा असते.

देवांची वर्णनपर नावे

लांब नावांचे सर्वांत जुने नमुने देवकथांत सापडतात. ‘कोजिकी’ हा जपानचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झाला. त्यात सूर्यदेवता आमातेरासु आपल्या नातवाला पृथ्वीवर राज्य करण्यास पाठवते. त्याचे नाव ‘आमेनिगिशी कुनिनिगिशी आमात्सुहिको हिकोहो नो निनिगि नो मिकोतो’. शेवटचे ‘मिकोतो’ हे आदरार्थी पद. उरलेल्या नावात स्वर्गाची समृद्धी, भूमीची समृद्धी, स्वर्गीय वंश आणि भाताच्या कणसांची भरभराट एवढे सारे सामावले आहे. भातशेतीवर जगणाऱ्या समाजाने आपल्या राजवंशाच्या मूळपुरुषाला हे नाव द्यावे, यात नवल नाही.

त्याच्या नातवाचे नाव तर जन्मकथाच सांगते. समुद्रदेवाची कन्या प्रसूतीसाठी किनाऱ्यावर आली, तेव्हा पाणकावळ्याच्या पिसांनी शाकारलेली झोपडी बांधायला घेतली होती. छप्पर पुरे होण्याआधीच मूल जन्मले. म्हणून ते ‘आमात्सुहिको हिकोनागिसाताके उगायाफुकिआएझु नो मिकोतो’ झाले. नावाच्या उत्तरार्धाचा अर्थच ‘पाणकावळ्याच्या पिसांचे छप्पर अपुरे राहिले असता जन्मलेला’ असा आहे. परंपरेनुसार जपानचा पहिला सम्राट जिम्मु हा याचा पुत्र. या राजघराण्याला आजही आडनाव नाही.

योद्ध्यांची पाचपदरी नावे

मध्ययुगातील सामुराई सरदाराच्या औपचारिक नावाला अनेक पदर असत. तोकुगावा शोगुनशाहीचा संस्थापक इएयासु याचे नाव ‘तोकुगावा जिरोसाबुरो मिनामोतो नो आसोन इएयासु’ असे लिहिता येते. ‘तोकुगावा’ हे घराण्याचे आडनाव, ‘जिरोसाबुरो’ हे हाक मारण्याचे नाव, ‘मिनामोतो’ हे मूळ कुळ, ‘आसोन’ ही दरबारी प्रतिष्ठेची श्रेणी आणि ‘इएयासु’ हे खरे नाव. या खऱ्या नावाला ‘इमिना’ म्हणत, म्हणजे टाळावयाचे नाव. धन्याला किंवा वडीलधाऱ्याला खऱ्या नावाने हाक मारणे हा अपमान समजला जाई. पतीचे नाव थेट न घेता उखाण्यात गुंफणाऱ्या मराठी घरांना हा संकोच समजण्यासारखा आहे.

ही नावे आयुष्यभर स्थिरही नसत. इएयासुचे पाळण्यातले नाव ताकेचियो. वयात आल्यावर तो मोतोनोबु झाला, कारण ज्याच्या आश्रयाला तो होता त्या इमागावा योशिमोतोच्या नावातील एक अक्षर त्याला मिळाले होते. नंतर तो मोतोयासु झाला. योशिमोतो रणांगणावर पडल्यावर काही वर्षांतच त्याने ते उसने अक्षर टाकून इएयासु हे नाव घेतले, आणि १५६६ मध्ये मात्सुदायरा हे आडनाव बदलून तोकुगावा केले. कोण कोणाचा मांडलिक आणि कोणी कोणाचे जू झुगारले, हे नावांच्या या क्रमावरूनच वाचता येते. कलावंतांतही हीच रीत होती. चित्रकार होकुसाई याने सुमारे ३० नावे धारण केली आणि टाकली.

गोव्यात मिळालेली नावे

जपानी नावांच्या इतिहासातील एक प्रकरण गोव्याच्या भूमीवर घडले. कागोशिमाचा एक फरारी माणूस मलाक्का येथे फ्रान्सिस झेवियरला भेटला आणि १५४८ मध्ये गोव्यात आला. तेथे बाप्तिस्मा घेऊन तो ‘पाउलो द सांता फे’ झाला. नोंद असलेला तो पहिला जपानी ख्रिस्ती मानला जातो. जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले आणि १५४९ मध्ये तो झेवियरचा दुभाषा म्हणून मायदेशी परतला. त्याचे पोर्तुगीज नाव निश्चितपणे ठाऊक आहे. मूळ जपानी नाव मात्र नाही. मिशनऱ्यांच्या पत्रांत ते जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत लिहिले गेले, कांजीतील लेखन उरले नाही. त्यामुळे अभ्यासक कधी त्याला आंजिरो म्हणतात, कधी याजिरो.

पुढे १५८२ मध्ये क्युशु बेटावरील ख्रिस्ती सरदारांच्या वतीने चार किशोरवयीन मुलांचे शिष्टमंडळ युरोपला निघाले. इतो मान्सियो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियाओ आणि हारा मार्तिन्यो ही त्यांची नावे. आडनाव जपानी, नाव पोर्तुगीज, आणि क्रम जपानी. जाताना आणि येताना त्यांचा मुक्काम गोव्यात झाला. परतीच्या प्रवासात, १५८७ मध्ये, हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले आणि पुढील वर्षी ते गोव्यातच छापले गेले. १६१४ मध्ये शोगुनशाहीने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, तेव्हा अभिमानाने मिरवलेले हेच नाव गुन्ह्याचा पुरावा ठरू लागले. हारा मकाव येथे परागंदा अवस्थेत वारला, तर जुलियाओला १६३३ मध्ये नागासाकीत देहदंड झाला. मागे राहिलेल्या गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी बाप्तिस्म्याची नावे दोन शतकांहून अधिक काळ घराच्या भिंतीआडच जपली.

दृष्ट लागू नये म्हणून

मंगल अर्थाच्या लांबलचक नावांच्या दुसऱ्या टोकाला मुद्दाम दिलेली अशुभ नावे येतात. सोळाव्या शतकात जपान एकछत्री आणणारा तोयोतोमी हिदेयोशी याला उतारवयात मुलगा झाला. मूल जगावे म्हणून त्याने त्याला ‘सुते’, म्हणजे ‘टाकलेला’, हे नाव दिले. ते मूल १५९१ मध्ये दगावले. १५९३ मध्ये दुसरा मुलगा जन्मला, तेव्हा त्याचे नाव ‘हिरोई’, म्हणजे ‘उचलून आणलेला’, असे ठेवले. टाकून दिलेल्या मुलाकडे मृत्यूचे लक्ष जात नाही, अशी त्यामागची समजूत. हाच मुलगा पुढे हिदेयोरी म्हणून इतिहासात आला. महाराष्ट्रात आणि गोव्यात आधीची मुले दगावलेल्या घरांत धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवली जात, त्यामागेही हीच भीती होती.

जपानी गावांत ‘तोमे’ म्हणजे ‘थांब’ आणि ‘सुए’ म्हणजे ‘शेवटची’ अशीही नावे आढळत. आणखी अपत्ये नकोत, हा आई-वडिलांचा निरोप त्या मुलांच्या नावात कायमचा लिहिलेला असे. मराठी समाजालाही हे दु:ख ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुशी’ नावाच्या २८० हून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली होती.

काही नावे जन्मवेळेचा साधा हिशेब असतात. दुसऱ्या महायुद्धातील नौसेनापती यामामोतो इसोरोकु याचा जन्म झाला तेव्हा त्याचे वडील ५६ वर्षांचे होते. त्याचे नाव ‘पाच’, ‘दहा’ आणि ‘सहा’ या तीन अक्षरांनी लिहिले जाते आणि त्याचा अर्थही छप्पन्न. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी याचे मूळ नाव किन्नोस्के. त्याचा जन्म ज्या दिवशी झाला, त्या दिवशी जन्मलेले मूल चोर होते आणि नावात ‘सोने’ हे अक्षर घातले तर ते संकट टळते, अशी लोकसमजूत होती. ‘किन्’ म्हणजे सोने.

आडनावांची सक्ती आणि कोडी

एदो काळात सामान्य शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांना अधिकृतरीत्या आडनाव लावण्याची मुभा नव्हती. अनेक घरांत ते खासगीत वापरले जाई, पण सरकारी कागदावर नाही. १८६८ नंतर मेइजी सरकारला करवसुलीसाठी आणि सैन्यभरतीसाठी प्रत्येक प्रजाजनाची निश्चित ओळख हवी होती. १८७० मध्ये सर्वांना आडनावाची परवानगी मिळाली. १८७२ मध्ये देशव्यापी कुटुंब नोंदवही, ‘कोसेकी’, सुरू झाली. त्याच वर्षी हाक मारण्याचे नाव आणि खरे नाव यांपैकी एकच ठेवण्याचा आणि ते मनमानीने न बदलण्याचा आदेश निघाला. १८७५ मध्ये आडनाव सक्तीचे झाले. सरदारांच्या पाचपदरी नावांचा शेवट येथे झाला.

या धांदलीत गोंधळही झाले. मेइजी क्रांतीचा नायक साइगो याचे खरे नाव ताकानागा होते. १८६९ मध्ये दरबारी पदवी देताना ते कोणाला नेमके ठाऊक नव्हते, कारण खरे नाव उच्चारण्याची रीतच नव्हती. एका मित्राने आठवून सांगितले ते ‘ताकामोरी’, आणि ते निघाले साइगोच्या वडिलांचे नाव. इतिहास त्याला आजही साइगो ताकामोरी म्हणूनच ओळखतो.

बहुतेक जपानी आडनावे स्थळावरून आली आहेत. यामादा म्हणजे डोंगराकडचे भातशेत, तानाका म्हणजे शेतांच्या मध्यावरचा, कोबायाशी म्हणजे लहान वनराई. गावाच्या नावाला ‘कर’ जोडणाऱ्या मराठी आडनावांशी त्यांचे नाते सहज जुळते. लांब आडनावेही स्थळाची किंवा हुद्द्याची खूण बाळगतात. पाच कांजींनी लिहिले जाणारे ‘कादेनोकोजी’ हे क्योतोतील जुन्या लेखातपासणी कचेरीजवळच्या गल्लीचे नाव. ‘साएमोन्साबुरो’ हेही पाच अक्षरांचे. त्यात राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या पथकाचे नाव दडले आहे. उलट ‘इ’ किंवा ‘त्सु’ अशी एकाच स्वराची वा अक्षराची आडनावेही आहेत.

खरी नवलाई कोड्यासारख्या आडनावांत आहे. ‘लहान पक्षी खेळतात’ अशा अर्थाची तीन अक्षरे लिहायची आणि वाचायचे ‘ताकानाशी’, म्हणजे ‘ससाणा नाही’. ससाणा नसला तरच चिमण्या खेळतील. ‘चंद्र दिसणारे गाव’ असे लिहून वाचायचे ‘यामानाशी’, म्हणजे ‘डोंगर नाही’. ‘चौथ्या महिन्याची पहिली तारीख’ असे लिहिलेले आडनाव ‘वातानुकी’ असे वाचतात, कारण जुन्या पंचांगानुसार त्या दिवशी थंडीच्या कपड्यांतील कापूस काढून ठेवत. ‘आठव्या महिन्याची पहिली तारीख’ हे ‘होझुमी’ होते, कारण त्या सुमारास भाताची पहिली कणसे खुडून देवाला वाहत. नुसते ‘एक’ हे अक्षर लिहून ‘निनोमाए’, म्हणजे ‘दोनच्या आधीचा’, असेही एक आडनाव आहे.

अशी दुर्मीळ आडनावे हळूहळू नाहीशी होत आहेत. जपानी नागरी कायद्यातील ७५० व्या कलमानुसार पती-पत्नींना एकच आडनाव लावावे लागते, आणि सुमारे ९५ टक्के जोडप्यांत ते पतीचे असते. २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. हीच पद्धत चालू राहिली तर २५३१ पर्यंत सर्व जपानी माणसांचे आडनाव ‘सातो’ होईल, असे गणित तोहोकू विद्यापीठातील एका प्राध्यापकाने २०२४ मध्ये मांडले. सातो हे आज जपानमधील सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. हे गणित म्हणजे भाकीत नव्हते, कायद्याच्या परिणामाकडे लक्ष वेधण्याचा तो एक मार्ग होता.

मृत्यूनंतरचे नाव

एक व्यक्ती, एक नाव हा नियम स्मशानापर्यंतच चालतो. बौद्ध रीतीने अंत्यसंस्कार झालेल्या व्यक्तीला मंदिराकडून मरणोत्तर नाव मिळते. ते स्मृतिपट्टिकेवर आणि थडग्यावर कोरले जाते. त्याचीही लांबी प्रतिष्ठेनुसार वाढते. इएयासुच्या मरणोत्तर नावात ‘तोशो दाइगोंगेन’, म्हणजे ‘पूर्वेला उजळणारा महान अवतार’, या देवपदवीनंतर आणखी काही पदे येतात आणि शेवटी ‘दाइकोजी’ येते. यातील ‘कोजी’ हे संस्कृत ‘गृहपती’ या शब्दाचे चिनी भाषांतर. सामान्य कुटुंबांनाही मोठ्या मानाच्या नावासाठी मंदिराला लाखो येनची दक्षिणा द्यावी लागते. वारसांना हा खर्च डोईजड वाटतो आणि त्यावर वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे.

सैतान, राजपुत्र आणि कोको

महायुद्धानंतर, १९४८ पासून, मुलांच्या नावांत वापरता येणाऱ्या अक्षरांची यादी कायद्याने ठरवून दिली. आज ती सुमारे ३,००० कांजींची आहे. २००४ मध्ये ती वाढवण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात विष्ठा, प्रेत आणि कर्करोग या अर्थांची अक्षरेही असल्याचे पाहून लोक संतापले. ती वगळण्यात आली. अक्षरांची यादी होती, पण अर्थावर आणि उच्चारावर बंधन नव्हते.

१९९३ मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमा शहरात एका जोडप्याने मुलाचे नाव ‘आकुमा’, म्हणजे ‘सैतान’, असे नोंदवायला दिले. दोन्ही अक्षरे यादीत होती. नगरपालिकेने आधी अर्ज स्वीकारला आणि नंतर नाकारला. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेले. असे नाव देणे हा नाव ठेवण्याच्या अधिकाराचा दुरुपयोग आहे, पण एकदा स्वीकारलेली नोंद पालिकेला अशी पुसता येणार नाही, असा निर्णय १९९४ च्या आरंभी आला. अखेर पालकांनी दुसरे नाव दिल्याने वाद मिटला. मूल आई-वडिलांचे असले तरी नाव मुलाचे असते, हा विचार या वादातून सार्वजनिक चर्चेत आला.

त्याच सुमारास ‘किराकिरा’, म्हणजे चमचमणारी, नावे वाढू लागली. ‘चंद्र’ लिहायचे आणि वाचायचे ‘रुना’, लॅटिन ‘लुना’वरून. ‘हृदय’ आणि ‘प्रेम’ लिहायचे आणि वाचायचे ‘कोकोआ’, म्हणजे चक्क कोको. काही नावांत नकळत फजिती होते. ‘समुद्र’ आणि ‘चंद्र’ ही सुंदर जोडी मुलीसाठी निवडली जाते, पण जपानीत त्याच दोन अक्षरांनी ‘जेलीफिश’ हा शब्द लिहितात.

ही हौस आजची नाही. जर्मनीत शिकून आलेला लेखक आणि लष्करी वैद्य मोरी ओगाई याने आपल्या मुलांची नावे ओतो, मारी, फुरित्सु, आन्नु आणि रुई अशी ठेवली. लेखन कांजीत, पण कानाला ओटो, मेरी, फ्रिट्झ, अ‍ॅन आणि लुई. त्याआधी, अठराव्या शतकात, मोतोओरी नोरिनागा या पंडिताने आपल्या काळातील नावे वाचता येत नाहीत अशी तक्रार केली होती. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, भिक्षू योशिदा केन्को याने ‘त्सुरेझुरेगुसा’त अनोळखी अक्षरांची नावे ठेवणे व्यर्थ असल्याचे लिहून ठेवले आहे.

उच्चाराची पहिली नोंद

इतका जुना प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला तो संगणकामुळे. कुटुंब नोंदवहीत नाव कसे लिहायचे याची नोंद होती, कसे वाचायचे याची नव्हती. बँक खाते, विमा, निवृत्तिवेतन आणि राष्ट्रीय ओळखक्रमांक यांची सांगड घालताना एकच नाव अनेक रूपांत समोर येऊ लागले. २०२३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २६ मे २०२५ पासून तो अमलात आला. प्रत्येक नागरिकाला त्याच्या नावाचा प्रशासनाकडे असलेला उच्चार टपालाने कळवण्यात आला आणि चूक असल्यास दुरुस्तीसाठी एक वर्षाची मुदत ठेवण्यात आली.

नवजात बाळांसाठी नियम अधिक काटेकोर आहे. नाव जन्मानंतर १४ दिवसांत नोंदवायचे असते. आता त्याचा उच्चार त्या अक्षरांसाठी समाजात मान्य असलेल्यांपैकी असावा लागतो. ‘उंच’ लिहून ‘ठेंगणा’ वाचणे, किंवा ‘तारो’ लिहून ‘जिरो’ वा ‘मायकेल’ वाचणे चालणार नाही. आधीपासून वापरात असलेले विलक्षण उच्चार मात्र पारपत्रासारखा पुरावा दाखवून कायम ठेवता येतात.

ज्यांना आपले नावच नको आहे, त्यांच्यासाठी मार्ग कौटुंबिक न्यायालयाचा आहे. योग्य कारण असेल तर १५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वत: अर्ज करता येतो. ‘राजपुत्र’ असा अर्थ असलेले नाव आईने प्रेमाने ठेवले, पण शाळेत नवी ओळख करून देताना प्रत्येक वेळी हसे झाले, म्हणून एका १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने २०१९ मध्ये ते बदलून घेतले. ही बातमी जपानभर गाजली आणि अशीच अडचण असलेल्या अनेकांना हा मार्ग असल्याचे प्रथमच कळले.

नाव किती लांब असावे, यावर कुटुंब नोंदवहीच्या कायद्यात आजही मर्यादा नाही. जुगेमुचा बाप आज पालिकेच्या खिडकीशी आला, तर केवळ लांबीच्या कारणावरून त्याला परत पाठवता येईल असे कलम तेथील कर्मचाऱ्याला सापडणार नाही. प्रत्येक अक्षर यादीत आहे का आणि प्रत्येकाचा उच्चार मान्य आहे का, हे तो तपासेल. या नावाने हाक मारायला किती वेळ लागेल, हा प्रश्न मात्र पूर्वीप्रमाणेच आई-वडिलांनी स्वत:ला विचारायचा आहे.